देवराव पेंटरची आई

गोपाळराव टेंभेकर जिना चढून वर आले, दारात क्षणभर थांबले आणि खुर्चीवर बसण्याआधीच म्हणाले, "धोटे, आईचा खून झाला."

प्राध्यापक पांढरीपांडे अर्धे उठले. "अरेरे! केव्हा?"

"काल दुपारी."

"वय काय होतं?"

"वय कसलं घेऊन बसलात? नऊ वर्षं लागली तिला पुरी व्हायला." गोपाळरावांनी रुमालानं टक्कल पुसलं. "चित्र हो, चित्र! देवराव पेंटरचं. 'आई' नावाचं. उद्या आमचं प्रदर्शन, आणि काल कोणीतरी त्याच्यावर पांढरं फासलं."

पांढरीपांडे परत बसले. दुःख कितपत करावं हे न ठरल्यामुळे त्यांनी चहा मागवला.

दामोदर धोटे पूर्वी एका विमा कंपनीत आगीच्या दाव्यांची चौकशी करत. आपोआप लागलेली आग त्यांना फारशी कधी सापडली नाही. त्यामुळे व्यापारी नाराज झाले, मग वरिष्ठ नाराज झाले, आणि शेवटी धोट्यांनी सीताबर्डीवर चष्म्याच्या दुकानावरची खोली घेऊन खासगी तपासाची पाटी लावली. पांढरीपांडे कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत. त्याचा व्यवहारात वापर करण्याची सवय नसल्यानं त्यांना धोट्यांच्या संगतीचं फार अप्रूप होतं.

गोपाळराव संत्र्यांचे व्यापारी आणि एका चित्रकला मंडळाचे अध्यक्ष. कला अमूल्य असते, असं ते दरवर्षी भाषणात सांगत आणि नंतर भाव करायला बसत.

"नीट सांगा," धोटे म्हणाले. "देवराव म्हणजे सिनेमाचे बोर्ड रंगवणारे?"

"तेच. देवराव निमजे. मेघदूत टॉकीजच्या मागे टिनाच्या शेडमध्ये बसतात. पण त्या बोर्डांचं काय, ते पोटासाठी. हे चित्र म्हणजे जीव ओतलेला! मागावर बसलेली आई. निमजे म्हणजे कोष्टी, विणकर घराणं. आई अंजनाबाई देवराव लहान असतानाच गेली. फोटो नाही. फोटो काढायचा तो लग्नात नाहीतर मेल्यावर, आणि तिच्या दोन्ही वेळांना घरात पैसे नव्हते. तिचा चेहरा आता फक्त या चित्रात. काय चेहरा आहे हो! मी महिन्यापूर्वी पाहिला आणि खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. इतकी ओळखीची वाटली बाई, जशी काही मलाच तिनं भरवलं होतं."

"तुम्ही तिला पाहिलं होतं?"

"मी कुठून पाहणार? आम्ही तिकडे महाल भागातले." गोपाळराव पुढे झुकले. "उद्या मुंबईच्या गॅलरीचा माणूस येतोय. चित्र आवडलं तर देवरावांचा बोर्डांचा धंदा कायमचा सुटेल. आणि हा माणूस काय म्हणतो माहीत आहे? म्हणतो, राहू द्या. पोलिसात जायचं नाही, कोणाला विचारायचं नाही. राहू द्या म्हणजे काय?"

धोट्यांनी टोपी उचलली. "हे मात्र विचारण्यासारखं आहे."

*

मेघदूत टॉकीजच्या मागची शेड लांबलचक होती. देवराव एका उलट्या पिंपावर उभे राहून पुढच्या शुक्रवारच्या बोर्डावर काम करत होते. बोर्डावर एक नायक, एक बंदूक आणि डाव्या बाजूला पदर डोक्यावर घेतलेली एक वृद्ध स्त्री. तिचा चेहराच माणसाएवढा होता. देवरावांनी ब्रश बुडवला, हात तीनदा फिरला, आणि तिच्या गालावर वीतभर अश्रू उभा राहिला. आता ओघळतो की मग, असा.

पांढरीपांड्यांनी रुमाल काढला. "वा! या बाईंना मी निदान आठ पिक्चरमध्ये मुलासाठी रडताना पाहिलंय."

"साऱ्या पिक्चरमंधी तेच माय असते जी," देवराव पिंपावरून उतरत म्हणाले. पन्नाशीचा, वाळका माणूस. कोपरापर्यंत रंग.

"समोर फोटो नाही ठेवत?" धोट्यांनी विचारलं.

"हिरोचा ठेवतो. हिच्यासाठी काहून लागते? वीस वर्षं झाले हिले काढून राहिलो. हात आपोआप चालते." त्यांनी आपल्या बोर्डाकडे न बघताच मान झटकली. "हे काही नाही जी. हे पोटाचं काम. शुक्रवारी चढते, पडलं तं सोमवारी उतरते."

"आणि ते?"

कोपऱ्यात भिंतीला टेकवलेला, दोन हात उंचीचा एक पांढरा चौकोन होता. देवराव ब्रश पुसू लागले.

धोटे उकिडवे बसले. पांढरा थर वाळून खरखरीत झाला होता. ब्रशाचे ओरखडे वरून खाली, सारे एकाच दिशेनं, केस विंचरल्यासारखे. धोट्यांनी नखानं कण उकरला, नाकाशी नेला आणि, पांढरीपांड्यांच्या देखत, जिभेला लावला.

"विष असलं तर?" पांढरीपांडे ओरडले.

"मुंग्यांना तरी चालतंय." चौकटीच्या खालच्या काठावर मुंग्यांची रांग लागली होती.

"मुंग्यांना काय, चित्रकलाही चालते," पांढरीपांडे म्हणाले.

धोटे उठले. "देवराव, कोणावर संशय?"

"नाही जी."

"कोणी केलं हे कळावं असं वाटत नाही?"

"कळून काय करू? गोपाळरावजी उगाच तुमाले तकलीफ देऊन राहिले." ते पुन्हा पिंपावर चढले. "झालं ते झालं. राहू द्या."

*

बळीराम हा देवरावांचा भागीदार. चेहरे देवराव रंगवत, अक्षरं बळीराम. तो शेडच्या बाहेर जमिनीवर एका जुन्या बोर्डाचं कापड पसरून त्यावर पांढरं फासत बसला होता. एकदा उभा हात, लगेच त्यावर आडवा हात, उभा, आडवा. कापडावर गेल्या महिन्याची नायिका हळूहळू बुडत होती. बादलीतून कुजक्या चामड्याचा वास येत होता.

पांढरीपांड्यांनी नाक दाबलं. "हे काय आहे?"

"खडूची भुकटी आन् सरस. जनावराच्या कातड्याचा गोंद जी. वास मारतेच थो. जुन्या पिक्चरवर हे फासाचं आन् वरून नवं काढाचं."

"उभा आणि आडवा दोन्ही हात कशाला?"

"तसं नाही केलं तं कापडाचे भोकं बुजत नाही. आता सवयच झाली. घरी दिवाळीले भित पोतली तरी हात असाच चालते, बायको हासते."

"खालचं चित्र कायमचं गेलं मग?" धोट्यांनी विचारलं.

बळीराम हसला. "कायचं जाते! खाली तेलरंग असते. मागं एक पिक्चर पडलं म्हणून आम्ही पांढरं केलं, तं आठवड्यानं मालक म्हणे, परत चढवा गा, लोकं मागून राहिले. ओल्या पोत्यानं पुसलं. हिरोईन पह्यल्यापेक्षा गोरी निंगाली."

"मग देवरावांचं चित्र तुम्ही पुसून नाही पाहिलं?"

हात थांबला. "मी म्हटलं होतं. देवराव म्हणे हात लावू नको, हा पांढरा अलग आहे."

"काल तुम्ही सगळे कुठं होता?"

"सकाळपासून टॉकीजसमोर. नवा बोर्ड चढवत. देवराव, मी, सारेच. शेडले कुलूप होतं."

"किल्ली?"

"खिडकीतल्या डब्याखाली. कोणाले सांगू नका." थोडं थांबून तो म्हणाला, "तसं साऱ्या मोहल्ल्याले मालूम आहे."

"चित्र विकलं गेलं असतं तर देवरावांनी हा धंदा सोडला असता. तुमचं काय झालं असतं?"

"माझं?" बळीरामनं ब्रश बादलीत टाकला. "बिनचेहऱ्याचा बोर्ड कोणी घेते का जी? मी घरीच बसलो असतो. म्हणून मी हे केलं, असं म्हणाचं आहे तुमाले? तुमीच नाही, गोपाळरावजीबी तसेच पाहून राहिले माझ्याकडे."

"चित्र तुम्हाला कसं वाटलं होतं?"

बळीरामनं मागं शेडकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पह्यल्यांदा दाखवलं तवा माझ्या तोंडून निंगालं, 'पिक्चर कोणतं गा हे?' मजाक केली. आठ दिवस बोलला नाही मायाशी. मंग मी बोलणंच सोडलं. परवा त्याची अक्का आली होती, रंभाबाई. तिले पह्यल्यांदाच दाखवलं. तिनं पाह्यलं, चांगलं आहे म्हणे, आन् चहा न घेता निंगून गेली."

"अक्का कुठं राहतात?"

"गोळीबार चौकामागं. कोष्टीपुऱ्यात. जुन्या घरीच."

*

प्रदर्शनाच्या हॉलमध्ये पुष्पलता देव स्टुलावर उभ्या राहून आपली संत्री सरळ करत होत्या. त्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत आणि दरवर्षी संत्री काढत. यंदाची संत्री बशीत होती. गेल्या वर्षी ती टोपलीत होती.

"दारासमोरची भिंत देवरावांसाठी होती ना?" धोट्यांनी विचारलं.

"होती. सकाळी गोपाळरावांचा निरोप आला, तुमची संत्री तिथं लावा. मी मागितली नव्हती." त्या खाली उतरल्या. "मी फासलं पांढरं, असं विचारायला आलात का?"

"फासलं का?"

"मी जलरंगांत काम करते, धोटे. पांढरं मी कागदाचंच सोडून देते. आणि त्या शेडमध्ये मी पाऊल ठेवत नाही, तिथल्या बादलीचा वास आठ दिवस पातळाला येतो."

"चित्र पाहिलं होतंत?"

"निवड समितीत होते मी. तंत्र कच्चं, पण चेहरा..." त्यांनी योग्य शब्द शोधला, सापडला नाही. "पाहताक्षणी कुठंतरी भेटल्यासारखी वाटली. घरी जाईपर्यंत आठवत होते, कुठं भेटलो आपण. मी त्याला मत दिलं. संत्री आठवायला कोणाला वेळ लागत नाही, हे मला कळतं."

बाहेर आल्यावर पांढरीपांडे म्हणाले, "बळीरामच. हेतू त्याला, साधन त्याला, संधी त्याला. तर्कशास्त्राच्या दृष्टीनं..."

"तुम्हाला वास आला का?"

"कुठं?"

"चित्राला."

पांढरीपांड्यांनी आठवून पाहिलं. "नाही."

"मलाही नाही आला," धोटे म्हणाले आणि त्यांनी रिक्षा थांबवली.

*

कोष्टीपुऱ्याच्या गल्लीत रिक्षा जाईना, कारण गल्लीभर धागे ताणले होते. या टोकाच्या खांबापासून त्या टोकाच्या खांबापर्यंत, कमरेच्या उंचीवर, हिरव्या सुताचा पट्टाच्या पट्टा. त्याच्या दोन्ही बाजूंनी बायामाणसं कुंचे घेऊन चालत होती आणि धाग्यांना खळ पाजत होती. लुगड्याचा ताणा, म्हणजे उभे धागे, मागावर चढण्याआधी असा खळीनं ताठ करावा लागतो.

पांढरीपांड्यांनी कौतुकानं हात पुढे केला आणि गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा धाग्यांवरून आडवा फिरवला.

"ओ मास्तर!" एक साठीची बाई कडाडली. "आडवा हात काहून लावता? धागे तुटते ना! कुंचा असो का हात, धाग्यासंगंच चालला पाहिजे. एकाच दिशेनं. येवढं लेकरालेबी समजते."

मास्तरांनी हात खिशात घातला. त्याला चिकट, आंबूस पेज लागली होती.

"कशाची करता खळ?" धोट्यांनी विचारलं.

"ज्वारीच्या पिठाची. कोण पाहिजे?"

"रंभाबाई."

"मीच." तिनं कुंचा खाली ठेवला नाही. "देवाच्या चित्राचं विचारासाठी आले असान."

"हो. परवा पाहिलंत म्हणे. कसं होतं?"

"चांगलं होतं. बाई चांगली काढली होती." ती पुन्हा चालू लागली. धोटे तिच्याबरोबर चालले. "नऊ वर्षं बसला त्याच्यावर. रात्रीचे पिक्चरचे चेहरे, दिवसाचं हे. मी म्हणो, झोपत काहून नाहीस रे. तं म्हणे, अक्का, बाकी सारं लोकायचं काढतो, एक तं आपलं काढू दे."

"तुम्हाला आई चांगली आठवत असेल. तुम्ही थोरल्या."

"मले नाही आठवन तं कोणाले?" कुंचा जरा जोरात फिरला. "देवा साहा-सात वर्षांचा होता. मी तेरा-चौदाची. मायच्या मागं मीच बसली मागावर."

गल्लीच्या टोकाशी ती थांबली.

"संध्याकाळी देवरावांकडे येता का, माझ्याबरोबर?" धोटे म्हणाले.

रंभाबाईनं कुंचा बादलीत बुडवून धुतला, हात पदराला पुसले. "चाला," ती म्हणाली. कशाला, असं तिनं विचारलं नाही.

*

दिवेलागणीला शेडमध्ये सगळे जमले. गोपाळराव, पुष्पलताबाई, बळीराम. रंभाबाई दाराशी जमिनीवर बसली. देवराव पिंपावरून उतरले नाहीत. तिथंच पाय सोडून बसले. पांढरा चौकोन मध्यभागी आणून ठेवला होता, आणि बोर्डावरची भली मोठी आई वरून त्याच्याकडे पाहत रडत होती.

"देवराव," धोटे म्हणाले, "अजूनही राहू द्या म्हणत असाल तर मी घरी जातो."

"घरी कसे जाता?" गोपाळराव म्हणाले. "काम मी दिलंय. आणि इथं बळीरामवर सगळ्यांचा डोळा आहे. त्याच्यासाठी तरी कळायला हवं."

देवरावांनी बळीरामकडे पाहिलं. मग मान हलवली. "सांगा जी."

"बळीराम नाही," धोटे म्हणाले. "या शेडमधला पांढरा रंग सरसाचा असतो. तो वास मारतो आणि पुष्पलताबाईंच्या म्हणण्याप्रमाणे आठ दिवस मारतो. या चित्राला वास नाही, उलट मुंग्या लागल्यात. म्हणजे खडू इथलाच, पण गोंद इथला नाही. मी चाखून पाहिला. पीठ आहे."

"मी म्हणालो होतो विष नसेल," पांढरीपांडे म्हणाले.

"दुसरं. बळीरामचा हात उभा आडवा चालतो, घरची भिंत रंगवतानाही. इथं सगळे फराटे एकाच दिशेनं आहेत, वरून खाली. एकही आडवा नाही. घाईत आणि रागात असलेलं माणूस ब्रश कसाही फिरवतं. ज्याला आडवा हात फिरवणं म्हणजे धागे तोडणं असं लहानपणापासून शिकवलंय, तेच माणूस रागातसुद्धा असं फासेल. हे पांढरं केलेलं नाही. याला खळ पाजलीय."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. रंभाबाईनं पदर सारखा केला.

"सख्खी बहीण?" गोपाळराव जवळजवळ ओरडले. "सख्ख्या आईच्या चित्रावर?"

"मला त्यापेक्षा दुसऱ्या गोष्टीचं कोडं पडलं," धोटे म्हणाले. "तेलरंगावरचा असला थर ओल्या फडक्यानं निघतो. बळीरामनं ते करायचं म्हटलं, तर देवराव म्हणाले, हात लावू नको. नऊ वर्षांचं काम. उद्या मुंबईचा माणूस येतोय. बादली दोन हातांवर आहे. देवराव, तुम्ही पुसलं का नाही?"

देवराव हातावरचा वाळलेला रंग खरवडू लागले.

"तुम्ही कोष्ट्याचं पोर. काल दुपारी दारातून पाहिलंत तेव्हाच तुम्हाला कळलं असणार की ही खळ आहे, हा हात अक्काचा आहे. आणि अक्कानं का केलं तेही कळलं. म्हणून नाही पुसलं."

"का केलं पण?" पुष्पलताबाईंनी विचारलं.

धोट्यांनी टोपी काढली. पुढचं बोलणं त्यांना नको होतं असं दिसलं.

"तुम्हाला ती कुठंतरी भेटल्यासारखी वाटली. गोपाळरावांना इतकी ओळखीची वाटली की रडू आलं. बळीरामनं विचारलं, पिक्चर कोणतं. तुम्ही तिघांनी अंजनाबाईंना कधी पाहिलेलं नाही, आणि तुम्हा तिघांना त्या ओळखीच्या वाटल्या. ज्या एका माणसानं त्यांना खरोखर पाहिलं होतं, तिला मी विचारलं, चित्र कसं होतं. ती म्हणाली, बाई चांगली काढली होती. आई म्हणाली नाही."

पांढरीपांड्यांची मान हळूहळू वर गेली, भिंतीवरच्या बोर्डाकडे, त्या माणसाएवढ्या चेहऱ्याकडे, पदराकडे, वीतभर अश्रूकडे.

"अरे देवा," ते म्हणाले.

"वीस वर्षं हात आपोआप चालला," धोटे म्हणाले. "रात्री पोटासाठी हिला काढायचं आणि दिवसा स्वतःसाठी आईला. समोर फोटो नाही. लहानपणी पाहिलेला चेहरा. हातानं जे येत होतं तेच काढलं."

बाहेर टॉकीजची घंटा झाली. बळीरामनं नाक ओढलं.

"मले मालूम नव्हतं जी," देवराव म्हणाले. आवाज अगदी साधा होता, भाव विचारावा तसा. "परवापर्यंत खरंच मालूम नव्हतं. बळीराम बोलला तवा वाटलं, जळते. परवा अक्काचं तोंड पाह्यलं आन् मले दिसलं. नऊ वर्षं मी कोणाची सेवा करून राहिलो होतो ते."

"मंग मले काहून नाही बोलला?" रंभाबाई म्हणाली.

"काय बोलू? तू झाकलं ते बरंच केलं. पांढरं होतं तोवर आत माय आहे म्हणता येत होतं."

गोपाळराव खोकले. त्यांना उद्याची काळजी होती, पण ती बोलून दाखवण्याइतके ते निर्दय नव्हते. निदान लगेच तरी नाही.

देवराव एकाएकी उठले. जमिनीवर कोरं कापड होतं, ते त्यांनी भिंतीला ठोकलं आणि कोळशाचा तुकडा घेतला. "अक्का, तू सांग. मी हात चालू देत नाही, तू सांगशीन तेवढंच काढतो. नाक कसं होतं?"

"बसकं. तुयासारखं."

कोळसा फिरला. "असं?"

"नाही. थोडं खाली. रुंद नको गा."

त्यांनी फडक्यानं पुसलं, पुन्हा काढलं. हनुवटी काढली. पुसली. कपाळ काढलं. रंभाबाई उठून जवळ गेली. "गाल बसले होते... नाही, येवढे नाही. डोळे बारीक... थांब." ती हातानं हवेत काहीतरी दाखवू लागली आणि दाखवता दाखवता तिचा हात मंदावला. तिनं डोळे मिटले. बराच वेळ मिटून ठेवले.

"सांग ना वं," देवराव म्हणाले.

"देवा," ती म्हणाली, "मले आता तेच दिसून राहिली."

"कोण?"

"हेच. तुयावाली बाई. परवा चित्र पाह्यलं तवापासून. डोळे मिटले का मागावर हेच बसली असते. रात्रभर मी मायले आठवून राहिली, आन् हे उठत नाही तिथून. म्हणून तं काल सकाळी खळ घेऊन आली. वाटलं, झाकलं का जाईन."

"गेली?"

"नाही गा."

देवरावांच्या हातातला कोळसा तसाच राहिला. कापडावर अर्धं कपाळ आणि पुष्कळ काळा धुरळा होता. ते बहिणीकडे पाहत राहिले. आईचा चेहरा जगात आणखी एका ठिकाणी शिल्लक आहे हे त्यांना नऊ वर्षं माहीत होतं, आणि तिला ते कधी विचारायला गेले नव्हते. चित्र पुरं झाल्यावर तिला चकित करायचं होतं.

मग त्यांनी बादलीत फडकं भिजवलं, पिळलं आणि चौकोनावरून फिरवलं. वरून खाली. खळ दुधासारखी ओघळली. आधी माग दिसला, मग हात, मग पदर. शेवटी चेहरा. पांढरीपांड्यांनी तो पाहिला आणि काही बोलण्यासाठी तोंड उघडलं. धोट्यांनी त्यांचा दंड धरला.

"न्या जी गोपाळरावजी," देवराव म्हणाले. "वाळलं का न्या."

*

दुसऱ्या दिवशी, रविवारी, हॉलमध्ये गर्दी होती. दारासमोरच्या भिंतीवर 'आई' होती. संत्री खिडकीशी गेली होती. कला अमूल्य असते, असं गोपाळराव बोलले. चित्रापुढे लोक थांबत, रुमाल काढत, शेजाऱ्याला म्हणत, पाहा, अगदी आपली आई. तसं ते प्रत्येकाला वाटत होतं.

मुंबईचा माणूस चष्मा वर करून बराच वेळ उभा राहिला. त्यानं चित्र घेतलं. घेतलं तेवढंच नाही, अशा आणखी काही आया हव्यात, दळणारी, सुपात धान्य पाखडणारी, दिवा लावणारी, असंही तो म्हणाला.

देवराव नव्या सदऱ्यात कोपऱ्यात उभे होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि बोर्ड सांगायला आलेल्याला विचारावं तसं विचारलं, "किती फुटी पाहिजे?"

बळीराम दुसरीकडे पाहू लागला.

पांढरीपांडे धोट्यांना म्हणाले, "म्हणजे शेवटी झालं चांगलंच. नाही का? धंदा सुटला त्यांचा."

धोटे रंभाबाईकडे पाहत होते. ती धुतलेलं लुगडं नेसून आली होती आणि चित्राच्या शेजारी, दोरीच्या अलीकडे, अंग चोरून उभी होती. कोणी बसायला खुर्ची दिली तर ती बसेना.

धंतोलीच्या एक बाई चित्रापुढे येऊन थांबल्या. त्यांनी चित्र पाहिलं, रंभाबाईला पाहिलं, पुन्हा चित्र पाहिलं. "तुम्ही घरच्या का हो?" त्यांनी हळूच विचारलं. "ही तुमची आई?"

रंभाबाईनं मान वर करून त्या चेहऱ्याकडे पाहिलं. चांगला वेळ पाहिलं, काहीतरी शोधल्यासारखं.

"हाव जी," ती म्हणाली. "असीच होती."